टरफल

दर गुरुवारी मी दिवाळ्याच्या धक्क्यावर जाते
आणि कोळंबी घेत नाही.
चांगुणाबाई हसते : डोकी आनि सालां नेनारी
तू एकलीच गिऱ्हाईक.
दोन घमेली, वर बर्फाचा चुरा.
महापेपर्यंत रिक्षावाला नाक दाबून.

साल आधी आम्लात, मग अल्कलीत.
गुलाबी रंग जातो. वास जातो, सगळ्यात शेवटी.
उरते ती पांढरी भुकटी
एके काळी एका जिवाचं चिलखत होती.
मी ती विषाला घालते.

उलटं वाटतं ना?
चिलखत माणसाला हवं, विषाला कशाला?
माणसाला घालून पाहिलं होतं.
मे महिना, शहापूरकडचं शेत, काकडीचा मांडव.
बुधाजी विशे त्या प्लॅस्टिकच्या झग्यात
पंधरा मिनिटं टिकले,
मग तो त्यांनी बुजगावण्याला दिला.
बुजगावणं अजून ठणठणीत आहे.

मांडवावर केवडा पडला होता.
हा केवडा कुणी केसांत माळत नाही.
पानावर पिवळे चौकोन, पाठीमागे करडी लव,
आणि दर आठ दिवसांनी पंप पाठीला.

औषध नेमकं जातं कुठे, ते बघायचं होतं.
म्हणून एक दिवस पंपात नुसतं पाणी भरलं
आणि त्यात रंग, उन्हात न दिसणारा.
बुधाजींनी रोजच्यासारखा फवारा मारला,
रोजच्यासारखी तंबाखू मळली.
मग खोलीत अंधार केला, जांभळा दिवा लावला.

मिशी चमकली. तंबाखूची डबी चमकली.
उजवा खांदा, कॉलर, चपलेचा अंगठा.
आम्ही आकडे लिहीत होतो.
मग ते वळले.

चमकणाऱ्या पाठीवर एक काळा हात.
लहान. पाचही बोटं फाकलेली.
तेवढ्या जागेवर रंग नव्हता,
कुणीतरी तो तळव्यावर घेऊन गेलं होतं.

नात आली होती पाठीवर चढायला, बुधाजी म्हणाले.
आता कुठंय?
जेवत असेल.

दिवा कुणी बंद केला, आठवत नाही.

त्यानंतर मी मोजमापांत गेले.
केसाच्या जाडीत चारशे मावतील एवढा एक कण,
वर कोळंबीची साल, आत औषध.
पानावर चिकटून बसतो, पावसाला दाद देत नाही.
बुरशी पानात शिरायला आम्ल सोडते,
त्याच आम्लानं कुलूप निघतं :
चोरानं स्वतःच्या किल्लीनं कोठडी उघडावी तसं.
तळहाताच्या कातडीवर ते मिटलेलं राहतं.
राहायला हवं.
काचेखाली तरी राहिलं, बहात्तर तास.

लहान म्हणजे गरीब, असं मी लिहिणार नाही.
लहान गोष्टी नको तिथे जातात :
रेती बुटात, बातमी गावात, कण फुप्फुसात.
म्हणून अहवालात "सुरक्षित" हा शब्द आला की
मी त्यापुढे "पेक्षा" शोधते.
साहेबांना तो "पेक्षा" आवडत नाही.
डब्यावर छापायला जागा नाही म्हणतात.

परवा धक्क्यावर चांगुणाबाईला सगळं सांगितलं.
तिची साल कुठे जाते, काय होते.
हातातला कोयता थांबवून ती म्हणाली,
"बाय गो, कोलबी ज्याला सोसत नाय, त्याचा काय?
माजे जावंचा तोंड सुजतं निस्त्या वासानं."

दोन वर्षं, तीन पीएचड्या,
सोळा लाखांचं यंत्र,
आणि प्रश्न मासळीच्या पाटीमागून आला.
मी तो वहीत लिहिला. पान ओलं झालं.

यंदा मांडवाखाली पुन्हा रंग फवारला,
या वेळी नव्या कणांतून.
नातीला घरी थांबवा म्हटलं होतं.
थांबली नाही.
अंधारात बुधाजी वळले
आणि हात तिथेच होता,
जरासा मोठा.
वर्षभरात पोर वाढली.

मी पट्टी काढून तो मोजला.
आकडा लिहिला.
मग बाहेर जाऊन तिला नळाखाली धरलं,
साबण लावला, दोनदा,
जणू मला माझ्या टरफलावर विश्वासच नाही.